दुधाच्या दातात सिमेंट कशाला भरायचं? हे शिकवणारं देशातलं पहिलं डेंटल कॉलेज सोडा आणि आईस्क्रीमच्या पैशातून उभं राहिलं होतं

चिपळूणहून कराडच्या रस्त्याला लागलं की कुंभार्ली घाट चढायच्या आधी अलोरे लागतं. कोयना प्रकल्पाची कॉलनी आणि तिसऱ्या टप्प्याचं वीजघर ही या गावाची ओळख. पण आजचा विषय विजेचा नाही, दाढेचा आहे.

समजा इथल्या एखाद्या घरातलं सहा-सात वर्षांचं पोर रात्री गाल धरून रडत उठलं. आजी लवंग दाढेखाली धरायला देते. सकाळी आईबाबा त्याला घेऊन चिपळूण गाठतात. डॉक्टर तोंडात आरसा घालून बघतात आणि सांगतात, खालच्या दोन दाढा किडल्यात. एकीत भरून भागेल, दुसरीचा एक्स-रे काढून ठरवू.

आणि मग तो प्रश्न येतो, जो महाराष्ट्रातल्या प्रत्येक डेंटिस्टनं शेकडो वेळा ऐकलाय. दुधाचे दात तर पडणारच आहेत, मग त्यात सिमेंट भरायला पैसे कशाला घालवायचे? काढूनच टाका की.

प्रश्न वेडगळ नाही. गाडीभाडं, बुडालेला कामाचा दिवस, वर फिलिंगचा खर्च, आणि एवढं करून तो दात चार-पाच वर्षांत पडणार. घरखर्चाच्या वहीत हा हिशेब अगदी बरोबर बसतो.

तोंडातला हिशेब मात्र वेगळा असतो. तो भारतात कॉलेज काढून पहिल्यांदा शिकवला तो एका बंगाली माणसानं. डॉ. रफिउद्दीन अहमद हे त्यांचं नाव. डेंटलच्या पोरांना ते पाठ असतं, बाकीच्यांनी मात्र फारसं ऐकलेलं नसतं. या गड्याचा बायोडेटा बघितला तर एकाच माणसाचा आहे यावर विश्वास बसत नाही. अमेरिकेत लहान मुलांचे दात बघणारा डॉक्टर, कलकत्त्यात सोडा-आईस्क्रीमच्या दुकानाचा मालक, देशातल्या पहिल्या डेंटल कॉलेजचा संस्थापक आणि नंतर पश्चिम बंगालचा कृषिमंत्री.

तर सुरुवातीपासून बघू.

रफिउद्दीन यांचा जन्म २४ डिसेंबर १८९० चा. गाव बर्धनपारा, पूर्व बंगालातलं, म्हणजे आजच्या बांगलादेशातलं. शिक्षणासाठी ते अलीगढला गेले. तिथल्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजातून, ज्याचं पुढे अलीगढ मुस्लिम विद्यापीठ झालं, १९०८ साली ते बाहेर पडले. त्या काळात परदेशी जायची ऐपत असलेला हुशार मुलगा विलायतेला जायचा. बॅरिस्टर व्हायचा किंवा आयसीएसची परीक्षा द्यायचा. रफिउद्दीन यांनी १९०९ मध्ये बोट धरली ती अमेरिकेची, आणि शिकायला घेतले दात.

हे वाटतं तेवढं विचित्र नव्हतं. दातांचं वैद्यक हा स्वतंत्र विषय आहे असं ठरवून पहिलं डेंटल कॉलेज निघालं तेच अमेरिकेत, बाल्टिमोरला, १८४० साली. भारतात मात्र तेव्हा एकही डेंटल कॉलेज नव्हतं. मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरांत साहेबांसाठी युरोपियन डेंटिस्ट होते. बाकीच्यांसाठी न्हावी, वैदू आणि जत्रेत चादर पसरून बसणारे दात उपटणारे. पुढे कित्येक शहरांत चिनी डेंटिस्टच्या पाट्याही लागल्या, जुन्या मुंबईकरांना त्या आठवत असतील.

गंमत म्हणजे रफिउद्दीन जन्मले त्याच वर्षी, १८९० साली, दात का किडतात याचं नीट उत्तर देणारं पुस्तक आलं होतं. विलोबी मिलर हा अमेरिकन डेंटिस्ट बर्लिनमध्ये काम करायचा. त्यानं दाखवून दिलं की तोंडातले जंतू साखर आणि पिष्टमय पदार्थ खातात, त्यातून ॲसिड तयार होतं आणि ते ॲसिड दाताचं कवच विरघळवतं. दातात कसलीही अळी नसते.

आपली भाषा मात्र अजून अळीवरच अडकलीय. दाताला कीड लागली असंच आपण म्हणतो. गावच्या बाजारात कानात नळी घालून दातातला किडा काढून दाखवणारे लोकही फार जुने झालेले नाहीत. किडा असेल तर तो काढला की विषय संपला. पण ॲसिड असेल तर विषय रोजच्या खाण्याचा होतो, आणि पडलेल्या खड्ड्याचं काय करायचं हा प्रश्न उरतोच.

त्या खड्ड्याचं शास्त्र रफिउद्दीन आयोवा विद्यापीठात शिकले. १९१५ साली त्यांना डीडीएस, म्हणजे डॉक्टर ऑफ डेंटल सर्जरी ही पदवी मिळाली. त्याच वर्षी अमेरिकेत ग्रीन वर्डिमन ब्लॅक वारले. दात भरण्याच्या शास्त्राचे हे आजोबाच म्हणायला हवेत. त्यांच्या आधी दात भरले जायचेच, सोन्याच्या पत्र्यानंही आणि पाऱ्याच्या मिश्रणानंही. पण ते मिश्रण कधी फुगायचं, कधी आकसायचं. फुगलं की दात तडकायचा, आकसलं की फटीतून पुन्हा कीड. ब्लॅकनी चांदी, कथील आणि पाऱ्याचं प्रमाण बसवून दिलं, १८९० च्या दशकात. आपल्याकडे आजही जुनी माणसं दातात चांदी भरली असं सांगतात, ती चांदी म्हणजे हेच अमाल्गम. कीड कोणत्या जागी आहे त्यावरून खड्ड्याचे प्रकार पाडायची पद्धतही ब्लॅक यांचीच. ती आजही पहिल्या धड्यात असते.

पदवी हातात आली तेव्हा युरोपात महायुद्ध पेटलं होतं. रफिउद्दीन अमेरिकेतच थांबले आणि बोस्टनच्या फोर्सिथ डेंटल इन्फर्मरी फॉर चिल्ड्रन या दवाखान्यात काम करू लागले.

या दवाखान्यापाशी जरा थांबायला हवं. फोर्सिथ हे रबराच्या धंद्यात पैसा कमावलेलं बोस्टनचं कुटुंब. त्यांच्या देणगीतून १९१४ साली ही इमारत उभी राहिली आणि ती फक्त लहान मुलांच्या दातांसाठी होती. संगमरवरी इमारत, आत एक लांबलचक उजेडाचा हॉल, हॉलमध्ये रांगेनं मांडलेल्या डझनावारी खुर्च्या. शहरातल्या गरीब घरांतली मुलं इथं नाममात्र पैशांत तपासली जायची. मुलं बसायची त्या खोलीच्या भिंतींवर चित्रांच्या टाइल्स होत्या, म्हणजे आत जायच्या आधी पोरं घाबरू नयेत.

आता विचार करा. ज्या देशात मोठ्या माणसाचा दुखरा दात उपटणं हाच उपचार होता, तिथून आलेला पंचविशीतला तरुण रोज बघतोय की इथं मुलांचे दुधाचे दात वाचवायला एवढा मोठा महाल बांधलाय. रफिउद्दीन यांनी पुढे जे केलं त्याची बी इथंच पडली असं मला वाटतं.

पण पडणाऱ्या दातासाठी एवढा खटाटोप कशाला? अलोऱ्याच्या आईबाबांचा प्रश्न इथंही लागू होतोच. तर त्याचं उत्तर असं.

दुधाचे दात एकूण वीस. सगळे एकदम पडत नाहीत. पुढचे सहाव्या ते आठव्या वर्षी हलायला लागतात, पण दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकतात. म्हणजे सहाव्या वर्षी किडलेल्या दाढेला अजून चार-पाच वर्षं नोकरी करायचीय. तेवढा काळ मूल एका बाजूनं चावणार, भाकरी टाळून बिस्किट चहात बुडवून खाणार आणि ते बिस्किट पुन्हा दाढेत अडकणार.

दुसरी गोष्ट जागेची. दुधाची दाढ ही खाली वाढणाऱ्या कायमच्या दातासाठी धरून ठेवलेली जागा आहे. एसटीत रुमाल टाकून सीट धरतो ना, तसंच. रुमाल उचलला की शेजारचे सरकणार. दाढ वेळेआधी काढली की मागची दाढ पुढे झुकते आणि खालून येणाऱ्या दाताला जागाच उरत नाही. मग तो वाकडा येतो किंवा अडकून बसतो. म्हणून दाढ काढावीच लागली तर डॉक्टर तिथं जागा राखणारी तारेची कडी बसवायला सांगतात. ती पैसे काढायची युक्ती नसते, तो रुमाल असतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. दुधाच्या दाताचं कवच कायमच्या दातापेक्षा पातळ असतं आणि आतली नस दाताच्या मानानं मोठी. त्यामुळे मोठ्यांच्या दाढेत जी कीड नसेपर्यंत पोचायला बराच वेळ घेते, ती मुलांच्या दाढेत काही महिन्यांतही पोचू शकते. नस सडली की मुळाशी पू होतो, आणि त्या मुळांच्या कुशीतच कायमच्या दाताचा कोंब असतो. तिथला जंतुसंसर्ग त्या कोंबाला इजा करू शकतो, मग नवा दात डागाळलेला किंवा खडबडीत येतो. गाल सुजून ताप आला तर ते तातडीचं दुखणं असतं, घरी लवंग लावत बसायचं नसतं.

म्हणजे खड्डा लहान असताना भरला तर एका बैठकीचं काम. नंतर गेलं तर नसेचा उपचार, वर टोपी, तीन-चार फेऱ्या. आणि अलोऱ्याहून चिपळूणची प्रत्येक फेरी म्हणजे कुणाचा तरी एक दिवस.

आता पुन्हा रफिउद्दीन यांच्याकडे. महायुद्ध संपलं आणि १९१९ मध्ये ते भारतात परतले. कलकत्त्यात दवाखाना थाटून श्रीमंतांचे दात भरत बसले असते तरी आयुष्य सुखात गेलं असतं. त्यांनी कॉलेज काढायचं ठरवलं. सरकारकडे अशी काही योजना नव्हती आणि दातांचं कॉलेज ही कल्पनाच लोकांना नवी होती. कॉलेज म्हटल्यावर खुर्च्या, औजारं, जागा, पगार हे सगळं आलं. एवढा पैसा आणायचा कुठून?

इथं किस्सा आहे. रफिउद्दीन यांनी कलकत्त्यात न्यूयॉर्क सोडा फाउंटन नावाचं दुकान काढलं.

सोडा फाउंटन म्हणजे त्या काळातल्या अमेरिकन शहरांची शान. उंच काउंटर, नळातून फसफसणारा सोडा, त्यात रंगीत सिरप, वर आईस्क्रीमचा गोळा. अमेरिकेत दहा वर्षं काढलेल्या माणसाला हा धंदा चालतो हे माहीत होतं. दुकानाच्या कमाईवर त्यांनी कॉलेज उभं केलं आणि १९२० साली भारतातलं पहिलं डेंटल कॉलेज कलकत्त्यात सुरू झालं.

म्हणजे मिलरचा सिद्धांत शिकून आलेला, साखरेनं दात कसे विरघळतात हे पुरतं ठाऊक असलेला डेंटिस्ट साखरेचं पाणी विकून दातांचं कॉलेज चालवत होता. यावर हसावं की हात जोडावे, कळत नाही. मला वाटतं दोन्ही करावं. देणगीदार नव्हता, सरकार नव्हतं आणि माणसाकडे एकच धंदा होता जो लगेच चालला असता. त्यानं तो केला.

नाही तरी गोड कधी आणि किती वेळा खातो यावर दाताचं गणित जास्त अवलंबून असतं. प्रत्येक वेळी गोड खाल्लं की साधारण अर्धा तास तोंडात ॲसिडचा जोर राहतो, मग लाळ ते हळूहळू निवळवते. जेवणानंतर एकदाच लाडू खाल्ला तर लाळ सांभाळून घेते. दिवसभर चॉकलेट चघळणाऱ्या किंवा रात्री दुधाची बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या पोराच्या दाताला मात्र ती उसंतच मिळत नाही.

नव्या कॉलेजच्या सुरुवातीच्या काळातल्या विद्यार्थ्यांत एक नाव आपल्या मुंबईशी जोडलेलं आहे. फातिमा जिना, मोहम्मद अली जिनांची धाकटी बहीण. कलकत्त्यात रफिउद्दीन यांच्या कॉलेजात शिकून त्यांनी १९२३ साली मुंबईत दवाखाना उघडला. बाईनं डेंटिस्ट असणं हेच तेव्हा नवल होतं. धोबीतलावला महापालिकेच्या दवाखान्यात त्या मोफतही काम करायच्या. १९२९ मध्ये भावाची पत्नी रत्ती वारल्यावर त्यांनी दवाखाना बंद केला आणि त्या भावाच्या घरी राहायला गेल्या. पुढचं राजकारण सगळ्यांना माहीत आहे, पण कलकत्त्याची विद्या मुंबईत आणणाऱ्या पहिल्या काही जणांत त्या होत्या हे सहसा कुणी सांगत नाही.

कॉलेज सुरू झालं तरी दातांचा डॉक्टर आणि जत्रेतला दात उपटणारा यात कायद्याला काही फरक दिसत नव्हता. पाटी लावली की डेंटिस्ट. रफिउद्दीन यांनी मग एकेक वीट रचायला घेतली. १९२५ मध्ये बंगालमध्ये डेंटिस्टांची संघटना बांधली. त्याच वर्षी इंडियन डेंटल जर्नल सुरू केलं आणि पुढची वीसेक वर्षं त्याचं संपादन केलं. १९२८ साली विद्यार्थ्यांसाठी ऑपरेटिव्ह डेंटिस्ट्रीचं हँडबुक लिहिलं. ऑपरेटिव्ह डेंटिस्ट्री म्हणजे दात न काढता तो दुरुस्त करायचं शास्त्र. सोप्या मराठीत, दात भरण्याचं. लिहायला विषय पुष्कळ होते. या माणसानं दात वाचवण्याचा निवडला, हे मला फार बोलकं वाटतं.

त्या काळातलं दात भरणं आणि आजचं यात मात्र मोठं अंतर आहे, ते इथंच सांगितलेलं बरं. ब्लॅक यांच्या शिकवणीत कीड लागलेल्या भागाच्या पुढेही थोडा चांगला दात कोरायचा, म्हणजे पुन्हा कीड लागायला फट उरणार नाही. अमाल्गम दाताला चिकटत नाही, त्यामुळे ते अडकून राहील असा खड्डा खणावाच लागायचा. आज हे उलटलंय. जेवढं सडलंय तेवढंच काढायचं, बाकी दात राखायचा.

हे शक्य झालं ते १९७० च्या आसपास ब्रिटनमध्ये शोधलेल्या ग्लास आयोनोमर सिमेंटमुळे. आपण ज्याला सिमेंट भरलं म्हणतो ते बहुतेकदा हेच. ते दाताला आपणहून चिकटतं आणि थोडंथोडं फ्लोराइड सोडत राहतं. चिकाटीला अमाल्गमपेक्षा कमी, पण दुधाच्या दाताला तेवढं पुष्कळदा पुरतं. १९८० च्या दशकात टांझानियात याच सिमेंटवर एक पद्धत बसवली गेली. वीज नाही, ड्रिल नाही, फक्त हातातल्या बारीक औजारानं मऊ झालेली कीड खरवडायची आणि सिमेंट भरायचं. शाळेच्या बाकावर झोपवूनही हे करता येतं. ड्रिलच्या आवाजानंच बोंब ठोकणाऱ्या पोरांसाठी तर वरदानच.

दाढेच्या दोन-तीन बाजू किडल्या असतील तर नुसतं भरलेलं टिकत नाही, तेव्हा स्टीलची तयार टोपी बसवतात. काही ठिकाणी कीड जागच्या जागी थांबवायला सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचा थेंब लावतात. त्यानं दात काळा पडतो, दुखत मात्र काहीच नाही. पारा असलेली चांदी मुलांच्या दातात भरणं आता मागे पडलंय. युरोपियन युनियननं २०१८ पासून पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी ती बंद केली आणि पाऱ्याबद्दलच्या मिनामाता करारातही तीच दिशा धरली गेली. ज्यांच्या दातात जुनी चांदी शाबूत आहे त्यांनी घाबरून ती उकरून काढायची मात्र गरज नाही. उलट काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त निघते.

रफिउद्दीन यांच्या विटा रचणं चालूच होतं. १९३९ साली बंगालमध्ये डेंटिस्ट कायदा झाला. देशातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा, आणि त्यामागे त्यांचा मोठा हात होता. मधल्या काळात ते कलकत्ता महापालिकेतही निवडून गेले. इकडे मुंबईत १९३३ मध्ये नायर हॉस्पिटलचं डेंटल कॉलेज सुरू झालं होतं. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली अख्ख्या देशासाठी डेंटिस्ट कायदा आला. त्यात नोंदवहीचे दोन भाग होते. अ भागात पदवीवाले. ब भागात पदवी नसलेले, पण किमान पाच वर्षं याच कामावर पोट असलेले. एका फटक्यात सगळ्या जुन्या माणसांना भोंदू ठरवलं असतं तर गावोगाव दात बघायला कुणी उरलंच नसतं, म्हणून ही मधली वाट. त्या काळात, १९४६ ते १९४८, रफिउद्दीन हे देशातल्या डेंटिस्टांच्या संघटनेचे अध्यक्ष होते.

फाळणीत त्यांचं जन्मगाव पूर्व पाकिस्तानात गेलं. त्यांची विद्यार्थिनी फातिमा जिना कराचीला गेल्या. रफिउद्दीन कलकत्त्यातच राहिले. आणि १९४९ साली, सोडा विकून उभं केलेलं, तीसेक वर्षं चालवलेलं कॉलेज त्यांनी पश्चिम बंगाल सरकारला देऊन टाकलं.

हे वाचताना क्षणभर थांबायला होतं. आज खाजगी डेंटल कॉलेजची एक सीट किती लाखांना जाते हे आपल्याला माहीत आहे. या माणसाकडे देशातलं सगळ्यात जुनं कॉलेज होतं, आणि त्याच वर्षी ते कलकत्ता विद्यापीठाशी जोडलं जाऊन बीडीएसचं शिक्षण सुरू होत होतं.

पुढच्या वर्षी मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांनी त्यांना मंत्रिमंडळात घेतलं. रॉय स्वतः नामांकित डॉक्टर, त्यामुळे आरोग्य खातं मिळालं असेल असं वाटतं ना? नाही. शेती, सहकार, समाजविकास, मदत आणि पुनर्वसन अशी खाती त्यांच्याकडे होती. पूर्व बंगालातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये येत होते तो हा काळ. स्वतःचं गाव सीमेपलीकडे राहिलेला माणूस सीमेपलीकडून आलेल्यांच्या राज्यात पुनर्वसनाचं काम बघत होता. १९६२ पर्यंत ते मंत्रिमंडळात होते.

१९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. ९ फेब्रुवारी १९६५ रोजी ते गेले.

त्यांच्या वाढदिवशी, २४ डिसेंबरला, आता देशभरात राष्ट्रीय दंतवैद्य दिन पाळतात. बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी डेंटिस्ट शाळांत जाऊन मुलांचे दात तपासतात. पण त्यासाठी डिसेंबरची वाट बघायची गरज नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत फिरतात, आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत दातांची कीड आहे. पथक आलं की मुलाच्या दाढेचं नाव काढायचं आणि पुढं पाठवलं तर जायचं. तेवढं अलोऱ्याच्या आईबाबांना शाळेत विचारता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात दुधाच्या दातांना कीड असलेल्या मुलांची संख्या ५१ कोटींहून जास्त धरलीय, त्यामुळे आपलंच पोर कसं किडकं निघालं असं वाटून घ्यायचं कारण नाही.

आणखी एक गोष्ट बघून ठेवा. सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे घरात तिला दुधाचीच समजतात आणि किडली तर पडेल म्हणून सोडून देतात. ती कायमची असते. तिच्या खाचा खोल असल्या तर कीड लागायच्या आधीच त्या बुजवून घेता येतात, त्यात कोरायचंही काही नसतं.

अलोऱ्याच्या मुलाला तपासणारा डॉक्टर कदाचित जवळच खेडला शिकला असेल, तिथं आता डेंटल कॉलेज आहे. कलकत्त्याचं ते पहिलं कॉलेज आजही चालू आहे, सियालदाजवळ. सोडा फाउंटन कधीच इतिहासजमा झालं. कॉलेजच्या दारावर आता डॉ. आर. अहमद डेंटल कॉलेज अँड हॉस्पिटल असं नाव आहे, आणि लहान मुलांच्या दातांसाठी तिथं वेगळा विभाग आहे.